बाटली बदलली, इंजिन बसले!

रेडिओ-नियंत्रित नायट्रो गाडीच्या इंधनातील नायट्रोमिथेनचे प्रमाण बदलले की हवा, दाब, प्रज्वलन आणि वंगण या चारही गोष्टींचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो न मांडल्यास काय होते आणि मांडायचा तर कसा, याचा हा आढावा.

फूट-दीड फूट लांबीची एक गाडी मातीच्या मैदानावरून सुसाट धावत आहे. कडेला उभा असलेला तिचा मालक हातातील ट्रान्समीटरने तिला वळवतो, वेग देतो, आवरतो. गाडीच्या मागे निळसर पांढऱ्या धुराची बारीक रेघ उमटत आहे. आज तिच्या टाकीत नवे इंधन आहे. नेहमीच्या २० टक्के नायट्रोच्या जागी ३० टक्क्यांची बाटली आली आहे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गाडी कधी नव्हे इतकी चपळ वाटते. मग इंजिनाचा आवाज चिरका होतो, धुराची रेघ विरळ होत नाहीशी होते आणि सरळ पट्ट्याच्या टोकाला गाडी एकाएकी थांबते. मालक धावत जातो, स्टार्टर ओढून पाहतो; दोरी हलत नाही. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसलेला असतो.

या छंदातील जुन्या मंडळींना हा प्रसंग नवा नाही. इंधन भेसळीचे नव्हते, इंजिनातही दोष नव्हता. बाटली बदलली, पण त्याबरोबर जे बदलायला हवे होते ते काहीच बदलले नाही, एवढेच घडले.

एका द्रवाची चार कामे

रेडिओ-नियंत्रित गाड्यांत विजेवर चालणाऱ्या, पेट्रोलवर चालणाऱ्या आणि नायट्रो इंधनावर चालणाऱ्या असे तीन मुख्य प्रकार आहेत. नायट्रो गाडीला खेळणे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे ठरते. तिच्या पोटात खरेखुरे टू-स्ट्रोक इंजिन असते. त्याची क्षमता साधारणतः २.१ ते ३.५ घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या एका चमच्याहूनही कमी. मात्र त्याचा वेग मिनिटाला ३० हजार फेऱ्यांच्या पुढे जातो. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला एकदा ज्वलन होते. याचा अर्थ त्या चिमुकल्या सिलिंडरमध्ये सेकंदाला ५०० वेळा इंधन पेट घेते.

या इंजिनाला वंगणासाठी वेगळी तेलाची टाकी नसते. थंड राखण्यासाठी पाण्याची व्यवस्था नसते. ठिणगी पाडणारी वीजयंत्रणाही नसते. ही सारी कामे इंधनावरच सोपवलेली असतात. शक्ति पुरवणे, आतील भागांना वंगण देणे, इंजिनाची उष्णता वाहून नेणे आणि पुढच्या ज्वलनासाठी प्लग तापता ठेवणे, अशी चार कामे तो एकच द्रव करतो. मोटारीत एका पंपाऐवजी दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरण्याइतका हा बदल सोपा का नाही, याचे उत्तर येथेच आहे. इंधन बदलले की या चारही कामांची घडी एकाच वेळी हलते.

बॅटरी काढली तरी तापलेली तार

पूर्वी मॉडेल विमानांच्या इंजिनांना ठिणगीचा प्लग असे. त्यासाठी बॅटरी, कॉइल आणि कंडेन्सर यांचे ओझे त्या हलक्या विमानाला वाहावे लागे. १९४७ साली अमेरिकेतील रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि हे ओझे संपले. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे छोटे वेटोळे असते. इंजिन सुरू करताना दीड व्होल्टच्या आसपासची बॅटरी लावून ते तापवतात. इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून घेतात. त्यानंतर ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलच्या वाफेवर प्लॅटिनमची होणारी उत्प्रेरक क्रिया यांमुळे तार लाल राहते.

यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. ठिणगीच्या इंजिनात प्रज्वलनाची वेळ यंत्रणा ठरवते. ग्लो प्लगच्या इंजिनात ती वेळ ठरवणारे स्वतंत्र यंत्र नसते. तारेचे तापमान, सिलिंडरमधील दाब आणि इंधनाची घडण या तिघांच्या संगनमताने ती ठरते. त्यामुळे इंधन बदलले की कोणीही हात न लावता प्रज्वलनाची वेळही सरकते.

बाटलीत असते तरी काय?

नायट्रो इंधन हे तीन द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील सर्वांत मोठा वाटा मिथेनॉलचा. दुसरा घटक नायट्रोमिथेन. गाड्यांच्या इंधनात त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असते. तिसरा घटक तेल. ते एरंडेल असते, कृत्रिम असते किंवा दोहोंचे मिश्रण असते. गाड्यांच्या इंधनात त्याचा वाटा बहुधा ८ ते १२ टक्के असतो. बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा केवळ नायट्रोमिथेनचा असतो. खरेदी करणाऱ्याची नजर त्याच आकड्यावर खिळते, आणि तेलाचा आकडा वाचायचा राहून जातो.

नायट्रोमिथेनचे गुणधर्म मोठे चमत्कारिक आहेत. एक किलो पेट्रोल जाळले तर सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते. मिथेनॉलची उष्णता त्याच्या निम्म्याहून थोडी कमी, सुमारे २० मेगाज्यूल. नायट्रोमिथेनची तर जेमतेम ११. मग या सर्वांत दुबळ्या इंधनाला शक्तीचे इंधन का म्हणतात?

याचे उत्तर हवेत आहे. इंजिनाची खरी मर्यादा इंधनाची नसून हवेची असते. प्रत्येक फेरीला सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच हवा आत येते. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असतो. त्यामुळे ते जाळण्यासाठी बाहेरून फार थोडी हवा लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साधारण साडेसहा किलो, तर नायट्रोमिथेनला केवळ १.७ किलो. आता १४.७ किलो हवा समान मानली, तर तेवढ्या हवेत पेट्रोल एक किलो जळेल आणि ४३ मेगाज्यूल देईल. मिथेनॉल सव्वादोन किलो जळेल आणि जवळपास ४५ देईल. नायट्रोमिथेन मात्र साडेआठ किलोंहून अधिक जळेल आणि ९७-९८ मेगाज्यूल देईल. तेवढ्याच हवेत दुपटीहून अधिक उष्णता! अमेरिकेतील ‘टॉप फ्युएल’ ड्रॅग शर्यतींच्या गाड्या सुमारे ९० टक्के नायट्रोमिथेनवर धावतात, त्या याच जोरावर.

वर जाताना धोका, खाली येताना आळस

हाच हिशेब छोट्या गाडीला लावला की मैदानावरील त्या अपघाताचा उलगडा होतो. नायट्रोमिथेनचे प्रमाण आकारमानाने २० वरून ३० टक्क्यांवर नेले, तर तेवढ्याच हवेसाठी इंधन सुमारे ९ टक्के अधिक लागते. तेल बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण दिशा दाखवायला तो पुरेसा आहे. कार्बोरेटरची सुई मात्र जुन्या इंधनासाठी बसवलेली असते. ती पूर्वीइतकेच इंधन आत सोडते. परिणामी हवेच्या मानाने इंधन अपुरे पडते. हौशी मंडळी या अवस्थेला इंजिन ‘लीन’ झाले म्हणतात. इंधन प्रमाणाबाहेर असले तर ‘रिच’.

लीन इंजिन सुरुवातीला फसवे असते. ते अधिक जोमाने पळते, प्रतिसाद झटपट देते. नवे इंधन फारच जोरदार असल्याचा समज त्यामुळे होतो. परंतु इंधन कमी म्हणजे त्यासोबत येणारे तेल कमी आणि थंडावाही कमी. मिथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेते. इंजिनाला तगवणारा हा मोठा आधार असतो. तो कमी झाला की तापमान चढते, तेलाचा थर फाटतो आणि पिस्टन व स्लीव्ह यांचे धातू थेट एकमेकांवर घासू लागतात. ५०० ज्वलने एका सेकंदात होत असताना विचार करायला फारसा अवधी मिळत नाही. इंजिन बसते.

उलट दिशेने, म्हणजे ३० वरून २० टक्क्यांवर येताना हीच सुई प्रमाणापेक्षा अधिक इंधन सोडते. इंजिन रिच होते. गाडी सुस्त होते, धूर भरपूर येतो, वेग घेताना घशात अडकल्यासारखा आवाज होतो, कधी प्लग भिजून इंजिन बंद पडते. त्रास होतो, मात्र नुकसान सहसा होत नाही. त्यामुळे टक्केवारी वाढवताना सुई अगोदर उघडावी आणि टक्केवारी कमी करताना ती सावकाश बंद करत आणावी, हा या छंदातील पहिला नियम ठरतो.

देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आल्यापासून इंधन बदलाची चर्चा घरोघर झाली आहे. इथेनॉललाही पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. परंतु आधुनिक मोटारीत धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो आणि संगणक त्यानुसार इंधनाची मात्रा जुळवून घेतो. नायट्रो गाडीत सेन्सर नाही आणि संगणकही नाही. त्या दोघांचे काम मालकाच्या कानाला आणि त्याच्या हातातील छोट्या स्क्रू ड्रायव्हरला करावे लागते.

दाब आणि प्लग

सुई जुळवली म्हणजे काम संपले, असे नाही. नायट्रोमिथेन वाढले की मिश्रण लवकर पेट घेऊ लागते. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच ज्वलनाचा जोर आला, तर तो पिस्टनला उलट खाली ढकलतो. अशा वेळी इंजिनातून तापलेल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. प्लगची तार वाकडी होते, तुटते. सिलिंडरच्या हेडवर आतून वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे दिसू लागतात.

यावर उपाय दोन. पहिला, सिलिंडरमधील दाब थोडा कमी करणे. हेडखाली दशांश मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. नायट्रो वाढवताना एखादी शिम अधिक घालतात, कमी करताना काढतात. दुसरा उपाय प्लगचा. ग्लो प्लग ‘हॉट’, ‘मीडियम’ आणि ‘कोल्ड’ अशा प्रकारांत मिळतात. अधिक नायट्रोला थंड प्लग आणि कमी नायट्रोला गरम प्लग, असे साधारण गणित आहे. १६ किंवा २० टक्क्यांपुरते जुळवलेले इंजिन २५ टक्क्यांवर बहुधा केवळ सुईच्या बदलावर निभावून नेते. मात्र ३० टक्क्यांपर्यंत जायचे तर शिम आणि प्लग यांचा विचार टाळता येत नाही. इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत कमाल टक्केवारी दिलेली असते; ती ओलांडण्यात शहाणपण नाही.

एवढा खटाटोप करून हाती काय लागते? वरच्याच ढोबळ हिशेबाने २० वरून ३० टक्क्यांवर गेल्यास तेवढ्याच हवेतून मिळणारी उष्णता सहा-सात टक्क्यांनीच वाढते. स्पर्धकाला तेवढाही फरक मोलाचा असतो, शिवाय वाढीव नायट्रोमुळे इंजिन मंद गतीवर अधिक स्थिर चालते. रविवारी मैदानावर येणाऱ्या हौशी माणसाला मात्र महागडी बाटली, अधिक खप आणि इंजिनावरील वाढता ताण यांची किंमत त्या सहा-सात टक्क्यांशी ताडून पाहावी लागते.

एरंडेलाचा मान

तेलाचा आकडा दुर्लक्षित राहतो, हे वर आलेच आहे. मॉडेल विमानांच्या इंधनात तेल अनेकदा १८ ते २० टक्के असते, कारण तेथे इंजिन दीर्घकाळ पूर्ण भाराखाली चालते. गाडीचे कमी तेलाचे इंधन विमानाच्या इंजिनात घातले तर वंगण अपुरे पडते. विमानाचे इंधन गाडीत घातले तर वंगणाची चंगळ होते, पण गाडी जड होते, धूर फार येतो आणि सुई जुळवणे कठीण जाते. दोन्ही बाटल्यांवर ‘१५ टक्के नायट्रो’ असेच छापलेले असू शकते. आकडा एक असला तरी इंधने दोन आहेत.

एरंडेल म्हटले की मराठी घरातील मागच्या पिढीचे तोंड अजूनही वाकडे होते. पण इंजिनाच्या जगात या तेलाचा मान मोठा आहे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनांत वंगण म्हणून एरंडेलच वापरत. जगातील एरंडीच्या उत्पादनात भारत प्रथम क्रमांकावर आहे आणि त्यातील बहुतांश पीक गुजरातेतून येते. कृत्रिम तेल स्वच्छ जळते, पण अतितापमानाला लवकर दम सोडते. एरंडेल अधिक तापमानापर्यंत पृष्ठभागाला धरून राहते. मात्र ते जळून लाखेसारखा तपकिरी थर मागे ठेवते. त्यामुळे अनेक उत्पादक दोन्ही तेले एकत्र करतात. ज्याला सुई जुळवण्याचा पुरेसा सराव नाही, त्याने थोडे एरंडेल असलेले इंधन निवडावे. चुकून इंजिन लीन झालेच, तर शेवटचा आधार तेच देते.

युरोपातील सक्तीचा बदल

इंधन बदल हा नेहमी हौसेचाच मामला असतो असे नाही. युरोपातील छंदिष्टांवर तो कायद्याने आला. स्फोटकांसाठी गैरवापर होऊ शकणाऱ्या रसायनांवर युरोपीय संघाने निर्बंध घातले. त्यातील पहिला नियम २०१४ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. त्यात सर्वसामान्य नागरिकासाठी नायट्रोमिथेनची मर्यादा वजनाने ३० टक्के होती. पुढे २०१९ चा नवा नियम १ फेब्रुवारी २०२१ पासून अमलात आला आणि ही मर्यादा १६ टक्क्यांवर आली. त्याहून अधिक प्रमाणाचे इंधन हवे असल्यास, ज्या देशात परवान्याची सोय असेल तेथे परवाना घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे २५ टक्क्यांवर जुळवलेली इंजिने एका तारखेनंतर नव्याने जुळवण्याची वेळ अनेकांवर आली.

येथे ‘वजनाने’ हा शब्द कळीचा आहे. नायट्रोमिथेन मिथेनॉलपेक्षा बरेच जड आहे. एक लिटर नायट्रोमिथेनचे वजन सुमारे १,१४० ग्रॅम, तर एक लिटर मिथेनॉलचे सुमारे ७९० ग्रॅम. त्यामुळे वजनाने १६ टक्के असलेले इंधन आकारमानाने मोजले, तर त्यात नायट्रोमिथेन साधारण १२ टक्केच भरते. उलट, आकारमानाने २५ टक्के असलेले इंधन वजनाने जवळपास ३२ टक्के होते. काही उत्पादक आकडा आकारमानाने छापतात, काही वजनाने. परदेशातून आलेली ‘१६’ची एक बाटली आणि दुसऱ्या उत्पादकाची ‘१६’ची दुसरी बाटली यांत म्हणूनच खरा फरक असू शकतो. केवळ कंपनी बदलली, टक्केवारी तीच ठेवली, तरी सुई पुन्हा तपासावी लागते ती याच कारणाने.

टक्केवारी खाली आल्याने नुकसानच झाले असे मात्र नाही. शिम काढून दाब वाढवला, गरम प्लग लावला आणि सुई बंद करत आणली, की हीच इंजिने समाधानकारक चालतात. तेवढ्याच हवेला इंधन सुमारे एकदशांशाने कमी लागत असल्याने टाकीही अधिक वेळ पुरते.

बदल कसा करावा?

इंधन बदलताना जुने इंधन टाकीतून पूर्ण काढावे. नळ्या आणि फिल्टर रिकामे करावेत. अर्धे जुने आणि अर्धे नवे अशा मिश्रणाची टक्केवारी कोणालाच ठाऊक नसते आणि त्यावर जुळवलेली सुई पुढच्या टाकीला निरुपयोगी ठरते. नवा प्लग लावावा. जुन्या प्लगचे दोष नव्या इंधनाच्या माथी मारले जाऊ नयेत.

टक्केवारी वाढवत असल्यास मुख्य सुई, म्हणजे हाय-स्पीड नीडल, पाव फेरा उघडावी. इंजिन गरम होऊ द्यावे. थंड इंजिनावर केलेली जुळवणी गरम झाल्यावर टिकत नाही. मग गाडी पूर्ण वेगाने धावत असताना धुराकडे पाहावे. बारीक पण सतत दिसणारी धुराची रेघ हे वंगण पोहोचत असल्याचे चिन्ह होय. सुई एका वेळी फेऱ्याच्या बाराव्या भागाइतकी, म्हणजे घड्याळाच्या तबकडीवरील एका तासाच्या अंतराएवढी फिरवावी आणि प्रत्येक बदलानंतर गाडी दोन-तीन फेऱ्या पळवावी. मुख्य सुई स्थिरावल्यावरच मंद गतीच्या सुईला हात लावावा. त्या सुईची परीक्षा सोपी आहे. इंजिन जागेवर मंद चालू असताना कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबावी. इंजिनाचा वेग किंचित वाढून दोन-तीन सेकंदांत ते बंद पडले तर जुळणी ठीक. तत्काळ बंद पडले तर लीन, बराच वेळ चालत राहिले तर रिच.

हेडचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजता येते. बहुतेक इंजिने १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास सुखाने चालतात. थर्मामीटर नसल्यास हेडवर पाण्याचा थेंब टाकावा. तो तीन ते पाच सेकंदांत चरचरत आटला तर ठीक. पडताक्षणी उडून गेला तर गाडी थांबवावी. तापमानाचा आकडा मात्र एकटा निर्णायक मानू नये; धूर, आवाज आणि प्लगच्या तारेची अवस्था यांची साक्षही घ्यावी.

हे सारे एकाच ठिकाणी, एकाच हवामानात करावे, हेही महत्त्वाचे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने तेथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत जुळवलेली गाडी पुण्यात थोडी रिच वाटणारच, आणि पुण्यात जुळवलेली गाडी मुंबईत लीन होणार. इंधन आणि गाव दोन्ही एकाच दिवशी बदलले, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. शिवाय मिथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलेली बाटली दोन-तीन आठवड्यांत बिघडू शकते. मैदानावरून परतताना टाकी रिकामी करून इंजिनात उरलेले इंधन जाळून टाकावे आणि आफ्टर-रन तेलाचे दोन-चार थेंब आत सोडावेत. अन्यथा बेअरिंगला गंज धरतो.

पेट्रोल चालेल का?

नवखा माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. नायट्रो इंधन महाग, सहज न मिळणारे; पेट्रोल कोपऱ्यावर उपलब्ध. पण साध्या नायट्रो इंजिनात पेट्रोल चालत नाही. प्लॅटिनमची तार तापती ठेवणारी मिथेनॉलची क्रिया पेट्रोलमध्ये घडत नाही. कार्बोरेटरची मात्रा पेट्रोलला अतिरिक्त होते. नायट्रो गाडीच्या सिलिकॉन नळ्या पेट्रोलमध्ये फुगून खराब होतात. आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये वंगण तर नसतेच. पेट्रोलवर धावणाऱ्या रेडिओ-नियंत्रित गाड्या वेगळ्या असतात. त्या आकाराने मोठ्या, बहुधा मूळ गाडीच्या एकपंचमांश, २३ ते ३० घन सेंटिमीटरच्या इंजिनाच्या आणि ठिणगीच्या प्लगच्या असतात. पेट्रोलची स्वस्ताई हवी असेल तर इंधन नव्हे, गाडी बदलावी लागते.

विषाची बाटली

इंजिन बसले तर नवा पिस्टन-स्लीव्ह संच घालता येतो. इंधनाचा दुसरा धोका मात्र दुरुस्त न होणारा आहे. मिथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते याच मिथेनॉलने. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्लात रूपांतर होते आणि त्याचा आघात प्रथम दृष्टीवर होतो. दहा मिलिलिटर इतक्या अल्प प्रमाणानेही अंधत्व येऊ शकते. तीस मिलिलिटर जिवावर बेतू शकते. त्वचेवाटेही ते शरीरात शिरते.

इंधन बदलताना टाकीतून काढलेले जुने इंधन कुठे तरी ठेवायचे असते, आणि नेमक्या त्याच वेळी हात पाण्याच्या रिकाम्या बाटलीकडे जातो. घरात लहान मुले असोत वा नसोत, हे कधीही करू नये. काढलेले इंधन मूळ बाटलीत किंवा ठळक चिठ्ठी लावलेल्या, कुलपात ठेवता येईल अशा इंधनाच्या डब्यातच जावे. हातमोजे वापरावेत, काम उघड्या हवेत करावे. कोणी चुकून इंधन प्यायलेच, तर लक्षणांची वाट न पाहता बाटलीसह रुग्णालय गाठावे. मिथेनॉलची विषबाधा प्रथम काही तास दबा धरून बसते.

मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, हेही विसरता कामा नये. १९८१ च्या इंडियानापोलिस शर्यतीत रिक मिअर्स यांच्या गाडीत इंधन भरताना ते सांडून पेटले, तेव्हा भोवतालच्या अनेकांना आग दिसलीच नव्हती. मिअर्स यांचा चेहरा त्यात भाजला. गरम इंजिनाच्या गाडीत इंधन भरताना सांडलेला थेंब अगोदर पुसावा, मगच प्लगला बॅटरी लावावी.

गेल्या काही वर्षांत ब्रशलेस मोटारी आणि लिथियम बॅटऱ्या आल्या आणि या छंदाचा मोठा भाग विजेकडे वळला. तेथे सुई नाही, शिम नाही, धूर नाही. तरीही नायट्रोला चिकटून राहिलेली माणसे आहेत. आवाजावरून इंजिनाची प्रकृती ओळखणे, धुराच्या रेघेवरून वंगणाचा अंदाज घेणे, यातच त्यांचा आनंद असतो. मैदानाच्या टोकाला बसलेले ते इंजिनही पुढे उघडले जाईल, नवा पिस्टन आणि नवी स्लीव्ह बसेल, पहिल्या चार-पाच टाक्या सावकाश चालवल्या जातील. पुन्हा कधी ३० टक्क्यांची बाटली हाती आलीच, तर तिचे झाकण उघडण्यापूर्वी मालकाचा स्क्रू ड्रायव्हर सुईकडे जाईल. तो पाव फेरा त्या दिवशी दिला असता, तर खर्च काहीच नव्हता.